पॅकेज बंद करून शूट फी लावली: दसऱ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा छोटा पोर्ट्रेट स्टुडिओ आहे. लग्नं मी घेत नाही. फॅमिली फोटो, मॅटर्निटी, लहान मुलं, स्थळासाठीचे बायोडाटा फोटो आणि कंपन्यांचे हेडशॉट (कर्मचाऱ्यांचे चेहऱ्याचे फोटो), एवढंच काम. मागच्या दसऱ्याला पॅकेज बंद केलं आणि दर दोन भागांत तोडले: शूटचे पैसे वेगळे, फोटोंचे वेगळे. आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे दिवाळी, बोरन्हाणं आणि उन्हाळी सुट्टी हे तिन्ही हंगाम या दरपत्रकावर निघाले. निकाल आधीच सांगते: लहान मुलांचं शूट आणि हेडशॉट सोडून बाकी सगळीकडे हेच ठेवणार आहे.

आधीचं पॅकेज सगळ्यांचं असतं तसंच होतं. ५,००० रुपयांत तासाभराचं शूट, २० एडिट केलेले फोटो, एक फ्रेम आणि पेनड्राइव्हवर सगळ्या सॉफ्ट कॉपी. फोनवर पहिला प्रश्न "किती घेता?" आणि दुसरा "सॉफ्ट कॉपी सगळ्या देणार न्हवं?" मग घासाघीस. वीसचे तीस करा, छोटा अल्बम वर द्या, पुढच्या वेळी बहिणीला पण आणते.

आता शूट फी १,५०० रुपये. त्यात तासभर वेळ, दोनदा कपडे बदलायची मुभा आणि आठ बाय बाराचा एक प्रिंट. पुढचा प्रत्येक एडिट केलेला फोटो ३५० रुपये, बारा बाय अठराची फ्रेम १,८००, आणि शूटमधले सगळे चांगले फोटो फाइलमध्ये हवे असतील तर ६,०००.

आकडे वहीतून आले. भाडं १४,०००, मदतनीस मुलाचा पगार १२,०००, कॅमेरा-लाइटचा हप्ता ७,५००, वीज-इंटरनेट ३,५००, दुरुस्ती-सॉफ्टवेअर-किरकोळ ५,०००. झाले ४२,०००. घरी न्यायला ३५,००० धरले तर महिन्याला ७७,०००. बऱ्या महिन्यात २२ शूट होतात, म्हणजे प्रिंट काढणाऱ्या लॅबचं बिल भागवून प्रत्येक शूटमागे ३,५०० उरायलाच हवेत. पॅकेजमधून फ्रेम, प्रिंट, पेनड्राइव्ह आणि सोडून दिलेले पाचशे-सातशे वजा केले की तेवढे उरत नव्हते. शिवाय वीस फोटोंचं एडिटिंग म्हणजे अख्खी संध्याकाळ. अनेक मध्यम दर्जाच्या कॅमेऱ्यांचं शटर दीड-दोन लाख क्लिकपर्यंत टिकेल असं कंपनी सांगते. "काढून ठेवा हो ताई, डिलीट करता येतंय की" म्हणणारं गिऱ्हाईक तेही खर्च करत असतं.

गंमत म्हणजे बिलाची रक्कम फारशी वाढलीच नाही. साधारण कुटुंब सहा फोटो आणि एक फ्रेम घेतं, म्हणजे ५,४००. पण एडिट करायचे फोटो वीसवरून सातवर आले. खरा फायदा तिथे आहे. आता मी रात्री साडेआठला स्टुडिओचं शटर ओढते.

यासाठी एक गोष्ट पाळावी लागली: निवड स्टुडिओतच, शूट झाल्याबरोबर, टीव्हीवर. फोनवर गॅलरी पाठवली की फोटो तळहाताएवढा दिसतो आणि गिऱ्हाईक फाइल मागतं. भिंतीवरच्या ४३ इंची टीव्हीवर तोच फोटो दिसला की फ्रेमची भाषा सुरू होते. दिवाळीत एक एकत्र कुटुंब आलं होतं, नऊ माणसं. मुलगा म्हणत होता, दोन बास. आजी मात्र टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसल्या. एका फोटोत आजोबा टोपी सारखी करताना हसले होते, बाकीच्यांनी तो कधीच बाद केला होता. आजी म्हणाल्या, "ह्यो असू दे. ह्यो त्येंचा खरा आहे." सुनेनं मुकाट्यानं तो मोठ्या फ्रेमच्या यादीत टाकला, आणि मुलानं पण काही वाद घातला नाही. अशा वेळी मी गप्प बसते. विकायला तोंड उघडलं की माणूस सावध होतो.

तक्रारी आहेतच. जुन्या गिऱ्हाइकांना वेगळी फी टोचते. एका काकांनी तोंडावर सांगितलं, "चहाचे वेगळे आणि साखरेचे वेगळे, असला हिशोब झाला ह्यो." त्यांचं अगदीच चूक म्हणता येत नाही. म्हणून आता बुकिंगच्या फोनवरच दोन उदाहरणं देते: इतके फोटो घेतले तर बिल इतकं, तितके घेतले तर तितकं. दरपत्रकात "१,५०० पासून" असा शब्द ठेवत नाही; "पासून" वाचलं की माणूस पुढचं वाचतच नाही. टीव्हीवरचा फोटो मोबाइलनं टिपून नेणारेही भेटतात. मी सोडून देते, तसल्या फोटोची फ्रेम होत नाही.

लहान मुलांना हे दर लागू पडत नाहीत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणाची गर्दी असते: काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि दागिना तोंडात घालणारं बाळ. वीस मिनिटांत कार्यक्रम आटोपतो. त्यात "हा फोटो साडेतीनशे" म्हटलं की आईचं लक्ष बाळावरून बिलावर जातं आणि ते बाळाला बरोबर कळतं. तिथे सरळ २,५०० रुपये, दहा फोटो, विषय संपला.

गिऱ्हाईक आणण्याचं सांगायचं तर पैसे भरून केलेल्या सोशल मीडियाच्या जाहिराती मी बंद केल्या. चौकशा भरपूर यायच्या, बहुतेक "रेट?" एवढ्याच, आणि रेट कळवला की पलीकडे सामसूम. त्याऐवजी गुगल मॅपवरचं प्रोफाइल नीट भरलं, दर उघड लिहिले, प्रत्येक रिव्ह्यूला मराठीत उत्तर दिलं. रिव्ह्यूच्या बदल्यात फ्री फ्रेम किंवा सूट देणं गुगलच्या नियमात बसत नाही. आमच्या लाइनीत सर्रास चालतं, मी त्यात पडत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये तेच दर आहेत. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकदम सगळ्यांना मेसेज पाठवायच्या यादीत, २५६ नंबरच बसतात, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून फोटो न्यायला आलेल्या माणसाला काउंटरवरच नंबर सेव्ह करायला लावते.

सगळ्यात जास्त काम आलं ते शेजारधर्मातून. हलव्याचे दागिने करणाऱ्या काकू, डोहाळजेवणाची वाडी आणि झोपाळा भाड्यानं देणारी एक ताई, आणि वधू-वर सूचक मंडळ. प्रत्येकाकडे माझं एक छापील दरपत्रक आणि एक नमुना फ्रेम. कमिशन कुणालाच नाही. त्यांच्या घरच्यांचे फोटो मी शूट फी न घेता काढते. बायोडाटा फोटोवाले परत येतात, साखरपुड्याआधी जोडीनं.

नमुना म्हणून गिऱ्हाइकाचा फोटो लावायचा तर लेखी परवानगी घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणाराच असतो. माझ्या बुकिंगच्या कागदावर त्यासाठी एक ओळ आणि दोन चौकोन आहेत, हो आणि नाही. मॅटर्निटीवाल्या बहुतेक जणी "नाही"वर खूण करतात, आणि ते ठीकच आहे.

हेडशॉटचं गणित वेगळं. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जाऊन माणशी दर लावते, किमान दहा माणसं. तिथे पहिला प्रश्न जीएसटी बिलाचा. सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांच्या आतल्या उलाढालीला नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे माझं बिल साधं असतं. काही कंपन्या तेवढ्यावरून नाही म्हणतात. उलाढाल तिथवर गेली तर फोटोवर १८ टक्के जीएसटी लावावा लागेल, आणि घरगुती गिऱ्हाईक तो वेगळा देणार नाही, दरातच धरावा लागेल.

लग्नाची कामं घेणाऱ्यांना हे दरपत्रक चालणार नाही. तिथे अल्बमशिवाय बोलणंच होत नाही. ज्यांच्याकडे टीव्ही लावायला आणि चार माणसं बसायला जागा नाही, त्यांनीही आधी तीच सोय बघावी. माझ्याकडे आता फक्त ३५० चा आकडा बदलायचाय, लॅबनं प्रिंटचे दर वाढवलेत. गणपतीच्या आधी ४०० करीन, आणि शूट फी आहे तीच ठेवीन.