घरच्या संगणकावर डब्ल्यूआरएफ: नऊ महिने, एक पावसाळा आणि गगनबावड्याचा आकडा

जानेवारीत हवामानाचं मॉडेल चालवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाचे पैसे भरले, आता ऑक्टोबर उजाडलाय. मधला अख्खा पावसाळा मी डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल, म्हणजे गणिताने पुढच्या हवामानाचा अंदाज काढणारा प्रोग्रॅम, कोल्हापुरात, घरच्या संगणकावर, जवळपास रोज रात्री चालवलं. कोर्स करावा का, घरी जमतं का, असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आमची शेती प्रयाग चिखलीच्या शिवारात, पंचगंगा नदीला लागून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ऊस पाण्याखाली गेला आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा गेला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण नदीकाठची मोटर आज काढायची की उद्या, हे त्या आकड्यावर ठरवायला गेलं की उशीर झालेला असतो. कोर्स सुरू झाला तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या यंत्राला इचार, गगनबावड्यात किती पडंल. हितल्या पावसानं पूर येत न्हाई." गगनबावडा म्हणजे आमच्या पश्चिमेचा घाटमाथा. नऊ महिन्यांत याहून नेमका प्रश्न मला कुणी दिला नाही. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या सगळ्या घाटाकडूनच पाणी आणतात. शहरात ऊन पडलेलं असतानाही पंचगंगा पात्राबाहेर येऊ शकते.

आता प्रशिक्षण. ऑनलाइन, शनिवार-रविवार, आठ आठवडे. माझं एमएस्सीला भौतिकशास्त्र होतं, लिनक्स जुजबी येत होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. पहिला अर्धा भाग खरोखर चांगला होता. नेटसीडीएफ, लिबपीएनजी, जॅस्पर या मॉडेलला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी एकाच कंपायलरने (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) बांधायच्या, नाहीतर पुढे मॉडेल बांधताना अडतं, हे त्यांनी हाताला धरून करून घेतलं. एकट्याने केलं असतं तर महिना गेला असता. जिओग्रिड जमिनीची माहिती घेतं, अनग्रिब जागतिक मॉडेलच्या फाइल उलगडतं, मेटग्रिड दोन्हींचा मेळ घालतं, मग सुरुवातीची स्थिती तयार करणारं रिअल आणि शेवटी मुख्य मॉडेल, ही साखळीही पक्की बसली.

दुसऱ्या भागाने मात्र निराश केलं. सरावाला अटलांटिकमधलं चक्रीवादळ. तयार नेमलिस्ट (मॉडेलच्या सेटिंगची फाइल), तयार स्क्रिप्ट, शेवटी रंगीत नकाशा आणि प्रमाणपत्र. मी दोनदा विचारलं, सह्याद्रीसारखा उभा चढ असेल तर ग्रिड, म्हणजे मॉडेलच्या चौकोनांची जाळी, केवढी घ्यायची? दोन्ही वेळा "नंतर बघू" झालं. आणि आलेला अंदाज खरा ठरला की नाही हे तपासायचं कसं, यावर आठ आठवड्यांत एकही तास नव्हता. माझी मोठी तक्रार हीच आहे. नकाशा काढणं दोन दिवसांत येतं.

जे राहिलं ते मोफत साहित्यातून मिळालं. अमेरिकेतल्या यूकार या हवामान-संशोधन संस्थेचा मेटएड हा अभ्यासक्रम नावनोंदणी केली की फुकट आहे, आणि डब्ल्यूआरएफची शिकवणीही खुली आहे. ब्रिटिश गणितज्ञ रिचर्डसनची गोष्ट मला तिथून पुढे वाचत गेल्यावर नीट कळली. पहिल्या महायुद्धाच्या काळात या माणसाने हाताने समीकरणं सोडवून सहा तासांचा अंदाज काढला. उत्तर आलं, हवेचा दाब १४५ हेक्टापास्कलने वाढणार. प्रत्यक्षात दाब जवळपास जागचा हलला नव्हता. समीकरणं बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदींमध्येच वारा आणि दाबाचा तोल नव्हता. त्याने तो चुकलेला अंदाज १९२२ मध्ये जसाच्या तसा छापला. हे वाचल्यावर सुरुवातीच्या माहितीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

घरचा संगणक आठ कोअरचा, ३२ जीबी रॅमचा. बाहेरच्या मोठ्या क्षेत्राची ग्रिड ९ किलोमीटरच्या चौकोनांची, आतल्या लहान क्षेत्राची ३ किलोमीटरच्या. ४८ तासांच्या अंदाजाला तीन-साडेतीन तास लागतात. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलची माहिती फुकट मिळते, पण तिची एकेक पूर्ण फाइल काहीशे एमबीची असते. सगळं जग उतरवून घेऊ नका. त्यांच्याच सर्व्हरवर हवा तेवढा चौकोन कापून घ्यायची सोय आहे. हे मला मे महिन्यात कळलं, तोवर इंटरनेटचा कोटा वारंवार संपत होता. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात रीस्टार्ट फाइल, म्हणजे मॉडेल बंद पडलं तर तिथून पुढे चालू करता येणारी फाइल, अंदाजाच्या दर सहा तासांनी लिहायला लावा. इन्व्हर्टर शेवटपर्यंत टिकेलच असं नाही.

९ किलोमीटरवर घाट दिसत नाही. म्हणजे नकाशावर दिसतो, पण मॉडेलच्या दृष्टीने करूळचा कडा एक लांबट, मऊ उतार होतो, कारण प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी उंची मिळते. त्यामुळे गगनबावड्याचा पाऊस विरळ होऊन पूर्वेकडे पसरतो. ३ किलोमीटरवर गेलात की पावसाची दाट पट्टी घाटमाथ्यावर उभी राहते आणि कोल्हापूरच्या पुढे, शिरोळकडे, पाऊस झपकन कमी होतो. इथल्या माणसाला हे चित्र न सांगता ओळखू येतं. आतल्या क्षेत्रात ढगांची ढोबळ योजना, म्हणजे क्यूम्युलस स्कीम, मी बंद ठेवतो. एवढ्या बारीक ग्रिडवर मॉडेलला उंच ढग बऱ्यापैकी स्वतःच उभे करता येतात.

उभ्या चढाची किंमतही मोजावी लागते. वेळेची पायरी, म्हणजे मॉडेल एका वेळी किती सेकंद पुढे सरकतं ते, साधारण ग्रिडच्या किलोमीटरच्या सहापट सेकंद, म्हणजे ९ किलोमीटरला ५४ सेकंद, असा नियम सांगतात. जुलैत जोरदार वाऱ्याच्या दिवसांत मॉडेल मध्येच कोसळायचं, एरर फाइलमध्ये सीएफएलच्या, म्हणजे ग्रिडच्या मानाने वेळेची पायरी मोठी पडतेय अशा इशाऱ्याच्या, ओळी भरलेल्या असायच्या. ४५ सेकंदांवर आणल्यापासून तो त्रास गेला.

जूनमधली एक चूक मात्र मनाला लागली. मॉडेल पाऊस फार जास्त दाखवतंय असं मी दोन आठवडे सगळ्यांना सांगत होतो. दोष माझाच होता. मॉडेल पावसाचे आकडे रन, म्हणजे मॉडेलची एक फेरी, सुरू झाल्यापासून साठवत नेतं. २४ तासांचा पाऊस हवा तर शेवटच्या आकड्यातून आधीचा वजा करावा लागतो. मी ४८ तासांची बेरीज एका दिवसाच्या पावसाशेजारी ठेवत होतो. शिवाय आपल्याकडे पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो आणि मॉडेलचं घड्याळ ग्रीनिचचं. आपले साडेआठ म्हणजे त्याचे तीन. मी शून्य ते शून्य मोजत होतो, म्हणजे पहाटे साडेपाच ते साडेपाच. घाटात पाऊस लागलेला असताना तीन तासांत केवढं पाणी पडतं ते वेगळं सांगायला नको.

त्यानंतर बसवलेली घडी अजून चालू आहे. आपल्या संध्याकाळच्या साडेपाचची सुरुवात धरायची, रात्री दहाच्या सुमारास माहिती उतरवून रन लावायचा. पहिले काही तास सोडून द्यायचे, कारण सुरुवातीला मॉडेलमध्ये ढग तयार झालेले नसतात. सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचा पाऊस तेवढा वहीत लिहायचा आणि शेजारी प्रत्यक्ष पडलेला. पावसाळाभर वही ठेवल्यावर माझं मत असं: दिवस बहुतेकदा जुळतो, ठिकाण बऱ्याचदा जुळतं, आकडा कमी वेळा. ६४.५ मिलिमीटरच्या वर, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार', हे ओळखण्यात मॉडेल उपयोगी पडतं. २०४.४ च्या वरचा, म्हणजे अत्यंत जोरदार पावसाचा दिवस असेल तर ते बहुधा कमीच सांगतं. एप्रिलमध्ये मी ईआरए५ या मागच्या हवामानाच्या जागतिक माहितीसंचावर २०१९ चा ऑगस्ट पुन्हा चालवून पाहिला, तेव्हाही हेच दिसलं. पट्टी जागेवर, दिवस बरोबर, पाऊस कमी.

बाकी साधनांबद्दल थोडक्यात. नासाचं पॅनोप्ली फाइल उघडून झटकन बघायला उत्तम. नकाशे काढायचं ग्रॅड्स जुनं आहे, पण हलकं. नकाशांसाठीची एनसीएल ही भाषा नव्याने शिकू नका, तिची वाढ थांबली आहे. पायथनमधलं एक्सअॅरे आणि डब्ल्यूआरएफ-पायथन शिका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपला नकाशा व्हॉट्सॲपच्या गटांत टाकू नका. पूर म्हणजे नुसता पाऊस नव्हे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडतील, जमीन आधीच किती भिजली आहे, खाली कृष्णेचं पाणी किती तुंबलंय, यातलं काहीही हा रन सांगत नाही. घरचा संगणक एकच रन देतो. जागतिक केंद्रं सुरुवात थोडीथोडी बदलून अनेक रन करतात, जीएफएसच्या समूहात असे ३१ आहेत. इशारा हवामान खात्याचा आणि प्रशासनाचाच मानायचा. मी माझा आकडा घरात वापरतो, तोही मोटरपुरता. या पावसाळ्यात तिन्ही वेळा मोटर दिवसाउजेडी काढली, रात्री चिखलात बॅटरी धरून नाही.

कोर्स घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: सरावाचं उदाहरण आपल्या भागातलं घेता येईल का, पावसाचा अंदाज प्रत्यक्ष नोंदींशी ताडून दाखवणार का, आणि रन मध्येच कोसळला तर एरर फाइल सोबत बसून वाचणार का. उत्तर गोलगोल आलं तर ते पैसे रॅमवर घाला आणि मेटएडपासून सुरुवात करा.