रेनॉक्स डीसीआर-२५० आणि ठाण्यातले उड्या मारणारे कोळी: पावसाळा-हिवाळा वापरल्यानंतर

मॅक्रो लेन्सचे (अगदी जवळून, मोठे फोटो काढायच्या लेन्सचे) पैसे जमेपर्यंत थांबू नका, हे आधीच सांगून टाकते. गेल्या पावसाळ्यापासून मी कॅननच्या ५५-२५० एसटीएम झूम लेन्सवर रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लोजअप लेन्स लावून जवळपास फक्त जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणारे कोळी टिपते आहे. इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय की फोटो काचेपेक्षा उजेडावर जास्त ठरतो. त्यामुळे खाली लेन्सबद्दल थोडं आणि डिफ्यूझरबद्दल, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणाऱ्या पडद्याबद्दल, बरंच आहे.

वस्तू साधी आहे. ८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) छोटी क्लोजअप लेन्स, दोन्ही बाजूंना चाप असलेल्या चौकटीत बसवलेली. चाप दाबायचे, कॅमेऱ्याच्या लेन्सच्या पुढच्या कडेत अडकवायची, झालं. ८ डायॉप्टर म्हणजे १२५ मिमी फोकल लेंथ. मागची, कॅमेऱ्याची लेन्स इन्फिनिटीवर (सर्वांत लांबच्या फोकसवर) ठेवून २५० ला झूम केली की २५० भागिले १२५, म्हणजे थेट दुप्पट मॅग्निफिकेशन; सेन्सरवर कोळी खऱ्यापेक्षा दुप्पट मोठा उमटतो. माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरची रुंदी २२ मिमीच्या आसपास, तेव्हा फ्रेममध्ये आडवं जेमतेम ११ मिमी मावतं. घराच्या भिंतीवर दिसणारी प्लेक्सिपस पायकुली या जातीच्या कोळ्याची मादी साधारण तेवढीच असते.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की झूम कितीही बदला, कोळ्यापासूनचं अंतर १२ सेंटीमीटरच्या आसपासच राहतं. १०० वर कोळी शोधायचा, तो स्थिरावला की जागचं न हलता २५० वर जायचं. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ नळी) लावल्यावर उजेड कमी होतो, तसं इथे होत नाही. झूम ५५ च्या बाजूला आणला की कोपरे काळे पडतात, पण या कामात तिकडे फिरकायची वेळच येत नाही.

ऑटोफोकस बंदच ठेवा. एफ/११ ला, दुप्पट मॅग्निफिकेशनवर, फोकसमध्ये येणारी जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. नुसता श्वास घेतला तरी फोकस डोळ्यांवरून पाठीवर जातो. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करून हा प्रश्न सुटत नाही, कारण एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ व्हायला लागतं. मी पान किंवा काडी डाव्या हातात धरते, त्याच हातावर लेन्स टेकवते आणि मनगट किंचित पुढेमागे करत फोकस आणते. आता कोळी, पान, कॅमेरा सगळं एकत्रच हलतं, त्यामुळे थरथर निम्म्याहून कमी होते. कोळी शांत बसला असेल तर पुढून मागे सरकत पाच-सहा फ्रेम घेऊन स्टॅकिंगही (त्या फ्रेम एकत्र जोडून एकच स्पष्ट फोटो करणं) जमतं.

आता उजेड. ५५-२५० झूम केली की नळी बरीच पुढे येते आणि हॉटशूवरचा (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेतला) फ्लॅश मागे राहतो. नुसता फ्लॅश मारला तर नळीची सावली थेट कोळ्यावर पडते, आणि जो उजेड पोचतो तो कडक असतो. कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे गोल, गुळगुळीत आणि चकचकीत. समोर जो दिवा असेल त्याचं प्रतिबिंब त्यांत जसंच्या तसं उमटतं. उघड्या फ्लॅशचा तिथे पांढरा ठिपका होतो आणि त्याखालचं सगळं गडप. फिंटेला व्हिटाटासारखा चार-पाच मिलिमीटरचा, निळ्या-हिरव्या चमकत्या पट्ट्यांचा कोळी असेल तर पट्ट्याच जळून जातात, रंग उरतच नाही.

माझा डिफ्यूझर कार्डबोर्डचा आहे. आतून चांदीचा कागद, तोंडाला टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम, आणि त्याच्या थोडं खाली ट्रेसिंग पेपरचा दुसरा थर. दोन थरांमध्ये रिकामी जागा सोडणं फार महत्त्वाचं, त्याशिवाय उजेड पसरत नाही. हा सगळा प्रकार लेन्सच्या टोकापर्यंत पुढे येऊन कोळ्याच्या जवळजवळ डोक्यावर झुकला पाहिजे. शटर १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ ताकदीवर, या सेटिंगला मी सहसा हात लावत नाही. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की कोळ्याची हालचाल त्यातच गोठते.

हे जमल्यावर जे दिसलं ते सांगायलाच हवं. टेलॅमोनिया डिमिडिएटाची मादी फिकट पिवळी, पोटावर दोन लांब पट्टे, डोळ्यांभोवती लाल रंग. तिच्या डोक्याचं कवच इतकं पातळ की आतली हालचाल बाहेरून दिसते. या कोळ्यांच्या मोठ्या डोळ्यांची भिंगं जागेवर पक्की असतात, आत नळीच्या टोकाला असलेला रेटिना मात्र स्नायूंनी हलतो. मी व्ह्यूफाइंडरमधून बघत होते, ती अजिबात हलली नाही, पण एका डोळ्यातला काळोख बाजूला सरकला आणि तिथे फिकट रंग आला. मग दुसऱ्या डोळ्यात तेच. ती जागची न हलता नजर फिरवत होती! बाकीचे सहा डोळे आजूबाजूची हालचाल टिपायला असतात. म्हणून तर तुम्ही बाजूने गेलात तरी कोळी गर्रकन तुमच्याकडे वळतो. समोरून, त्याच्या पातळीवर आणि हळू जा. वळणं त्याच्यावर सोडा.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातच जायला हवं असं नाही. सोसायटीची कंपाउंड वॉल, कुंड्या, जिन्याची खिडकी पुरते. आमचे माळीकाका आता स्वतःहून हाक मारतात, “ताई, जास्वंदीवर बसलाय बघा एक.” २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी प्रजाती नोंदवली गेली आणि २६/११ ला कसाबला पकडताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं. तेव्हापासून मी भिंतीवरचा एकही करडा कोळी न बघता सोडत नाही. येऊरला गेलात तर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे हे लक्षात ठेवून पान तोडू नका, कोळी डबीत घालून घरी आणू नका. हलू नये म्हणून कोळी फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. गारठलेल्या कोळ्याचे पाय आखडलेले असतात, फोटोत ते कळतं, आणि त्या जिवाला त्रास होतो तो वेगळाच. त्यापेक्षा सकाळी लवकर उठा, ऊन चढायच्या आत ते तसेही संथ असतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र काच जपावी लागते. एसीच्या खोलीतून थेट बाहेर पडलात की पुढची काच धुक्याने भरते. बॅग बंद ठेवून जरा वेळ बाहेर थांबा, मगच उघडा. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर बुरशी धरलीच म्हणून समजा.

कोळी मोठा आणि बुजरा असेल, किंवा फुलपाखरंही टिपायची असतील, तर डीसीआर-२५० ऐवजी डीसीआर-१५० बघा. ती ४.८ डायॉप्टरची आहे, अंतर २० सेंटीमीटरच्या आसपास मिळतं आणि २५० च्या झूमवर सव्वा पटीच्या जवळ जाता येतं. दोन्हींची क्लिप ५२ ते ६७ मिमी फिल्टर साइजच्या लेन्सवर बसते, तेव्हा ऑर्डर करण्याआधी लेन्सच्या टोपणामागे लिहिलेला आकडा वाचून घ्या. ५५-२५० एसटीएमवर तो ५८ आहे.