मार्केटिंग, फायनान्स की एचआर? बीबीएचा फॉर्म भरण्याआधी

स्पेशलायझेशनच्या फॉर्मवर बहुतेक मुलं विषयाचं नाव बघून टिक करतात. त्यापेक्षा एकच सौदा तिन्ही टेबलांवरून बघा.

मसाल्याचं पाकीट १०० रुपयांना जातं, खर्च ७०. महिन्याला १०,००० पाकिटं, म्हणजे सुटतात ३ लाख. मालक म्हणतो, १० टक्के सूट देऊ.

मार्केटिंगच्या टेबलावर हिशोब असा: आता पाकिटामागे २०च सुटणार. तेच ३ लाख हवे असतील तर १५,००० पाकिटं खपायला हवीत. जादाची ५,००० कोणत्या दुकानांत घालायची? जाहिरातीच्या हौसेनं इकडे येणाऱ्यांना पहिली नोकरी बहुधा सेल्सचीच मिळते: ठरलेला बीट (रोज फिरायच्या दुकानांचा मार्ग), दुकानातला शिल्लक माल मोजणं, वितरकाकडची वसुली, महिनाअखेरचं टार्गेट. दिवसभर ‘नको’ ऐकून संध्याकाळी पुन्हा फोन लावता येतो का, ते आधी तपासा.

फायनान्सला त्याच ५,००० पाकिटांत वेगळंच दिसतं. ती बनवायला महिन्याला साडेतीन लाख घालायचे. वितरक ६० दिवसांनी पैसे देणार, म्हणजे पहिली वसुली येईपर्यंत ७ लाख अडकले. कागदावर नफा, बँकेत खडखडाट. इथलं गणित टक्केवारीच्या फार पुढे जात नाही. मुलं आपटतात ती अकाउंट्सवर. डेबिट-क्रेडिट कच्चं राहिलं की कॅश फ्लो, रेशो, टॅक्स सगळं घोकावं लागतं. सायन्समधून आलेल्यांनी पहिल्या सेमिस्टरचा अकाउंट्सचा पेपर पुस्तक न उघडता पुन्हा सोडवून पाहावा. न जुळणाऱ्या ट्रायल बॅलन्समधली (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिटची यादी) चूक शोधायचा कंटाळा येत असेल, तर हा रस्ता नको.

एचआर ‘सोपा’ म्हणून घेतात. माल खपवायला दोन पोरं ठेवली, प्रत्येकी बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,०००. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० पगारातून कापले. मालकाचे १,८००ही सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात, धरलेले. ऑफर लेटरवरच्या आकड्यातून इथेच ३,६०० गेले, वर व्यवसाय कर. पहिल्या पगाराला पोरगं हे विचारत येतं ते एचआरच्याच टेबलाशी. शिवाय होकार देऊन रुजूच न होणारे उमेदवार असतात, ते वेगळेच.

अजिबात ठरत नसेल तर फायनान्स घ्या. विकणं नोकरीत शिकता येतं. अकाउंट्स मागाहून एकट्यानं शिकणं जड जातं. आणि एमबीएला विषय बदलता येतो.

माहितीपत्रकात तिन्ही विषय असतात, पण पुरेशी मुलं नसली की बॅच सुरूच होत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: यंदा कोणते इलेक्टिव्ह (निवडीचे विषय) खरंच चालले, शिकवलं कोणी आणि इंटर्नशिप कुठे लागली.