मनातलं सांगायचंय, मग कथा लिहू की पटकथा?

डोक्यात गोष्ट तयार आहे पण कथा लिहावी का शॉर्टफिल्मची पटकथा करावी हे ठरत नसेल, तर बजेट वगैरे नंतर बघा, आधी पात्राच्या मनात नेमकं काय चाललंय ते बघा.

समजा एक बाई भावाच्या नावानं हक्कसोडपत्र करून द्यायला निबंधक कार्यालयात आलीये. कथेत असं लिहिता येतं: सही इथं करायची म्हणे. करते की. आईच्या आजारपणात रात्ररात्र मीच जागले, ते कुठं येतंय कागदावर, आणि नाही केली तर दिवाळीला कुठल्या तोंडानं यायचं माहेरी. बघा, 'तिला वाटलं', 'तिच्या मनात आलं' असलं काहीही लागलं नाही, निवेदकाचा आवाज हळूच तिचाच होऊन जातो. शिवाय सहीला लागतात दहा सेकंद, पण कथेत तेवढ्यात तुम्ही वीस वर्षं मागं जाऊन परत येऊ शकता आणि वाचणारा कुठं अडखळत नाही. नेमाड्यांची कोसला (१९६३) ही कादंबरी घ्या, गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंग सांगवीकरचा तो बोलण्याचा सूर काढून घेतला तर नुसत्या घटनांत कितीसं उरेल?

आता हाच सीन फिल्ममध्ये. पेन कागदावर थांबतं, भाऊ विचारतो, ताई चहा सांगू का, ती नको म्हणते आणि सही करते. एवढंच. बाकीचं प्रेक्षक भरतो, आणि तो खरंच भरतो. रशियातला दिग्दर्शक लेव कुलेशोवनं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोकांना त्यात एकदा सूप विसरून विचारात बुडालेला माणूस दिसला, एकदा दुःख दिसलं, असं पुडोव्हकिन या दुसऱ्या दिग्दर्शकानं लिहून ठेवलंय. पण चेहऱ्यावर दुःख दिसेल हो, दिवाळीचा तो हिशेब कसा दिसणार?

मग लोक व्हॉइसओव्हर टाकतात. माझं मत, पडद्यावर दिसतंय तेच आवाजात सांगत असाल तर अजिबात टाकू नका. ती तोंडानं एक बोलतेय आणि मनात भलतंच चाललंय, अशा ठिकाणी मात्र चांगला चालतो.

फिल्म कथेच्या पुढं जाते ती जिथं मनातलं कृतीत अडकलेलं असतं तिथं. नागराज मंजुळेंच्या फँड्री सिनेमात शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुक्कर पकडतोय, ते हातात यायच्या बेतात असतं, शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्या जागच्या जागी उभा राहतो. त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललंय ते शब्दांत लिहिलं असतं तर मला वाटतं ते छोटंच झालं असतं.

तेव्हा कच्च्या खर्ड्यातले सगळे विचार खोडून बघा. उरलेल्या हालचाली आणि संवादांवर गोष्ट उभी राहिली तर बिनधास्त पटकथा करा. हक्कसोडपत्रवाली मी तरी कथाच लिहीन, कारण त्या बाईचा 'करते की' आणि 'नाही केली तर' यातला झगडाच तर गोष्ट आहे, सही तर ती करणारच आहे.