स्नेक प्लांट: ११ महिन्यांचा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून पिवळ्या काठांचं स्नेक प्लांट आणलं. "ह्याला मरण नाही, ताई," असं तिथला माणूस म्हणाला होता. जुलैत ते शेवटचे श्वास घेत होतं.

सासूबाई रोज तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं ह्याला ओतायच्या. उन्हाळ्यात खपून गेलं. पण पावसाळ्यात ठाण्यात टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही, तिथे कुंडीतली माती कुठून वाळणार? एक पान कललं. तहानलंय वाटून मीही पाणी घातलं. मग दुसरं पान सरळ हातातच आलं. बुडाशी उकडलेल्या कांद्यासारखं गिळगिळीत, आणि वास तर विचारू नका.

रोप उपसलं तर मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा, आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोकच नाही. तळाशी बोटभर पाणी. कुजलेला कंद, काळी मुळं कापून टाकली, उरलेलं दोन दिवस सावलीत कागदावर ठेवलं. मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि पर्लाइट (पांढरे हलके खडे) समसमान घेऊन छोट्या मातीच्या कुंडीत लावलं. आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. (सासूबाईंची घालमेल बघवत नव्हती. इंग्रजीत ह्या झाडाला 'सासूची जीभ' म्हणतात, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.) ऑक्टोबरात मातीतून टोकदार कोंब डोकावला.

शेजारची पीस लिली मात्र खरंच तहानेने मान टाकते. सकाळी पाणी घातलं की संध्याकाळी ताठ. दोघींचं मलूल होणं दिसायला सारखंच, म्हणून आता विझलेल्या अगरबत्तीची काडी मातीत खोल खोचून बघते. ओली आली तर तांब्या परत. स्नेक प्लांटला उन्हाळ्यात १०-१२ दिवसांनी पाणी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. ते पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मुख्यतः रात्री उघडतं, म्हणून पाणी फार उडत नाही.

हवा शुद्ध होते म्हणून घेत असाल तर राहू द्या. झाडं हवेतली रसायनं शोषतात असं दाखवणारा नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता, आपल्या हॉलमधला नाही. घरात मांजर असेल तर उंचावर ठेवा, पानं चावली तर उलट्या होतात.

गळालेल्या पानाच्या निरोगी भागाचे तुकडे वाळूत खोचले होते. आता तीन पिल्लं आलीत, पण सगळी नुसती हिरवी. पानाच्या तुकड्यातून पिवळा काठ उतरत नाही. तो हवा असेल तर कंदासकट फुटवा वेगळा करावा लागतो. हे नर्सरीत कोणी सांगितलं नव्हतं.