अथणीच्या उन्हात गाडीची बॅटरी: सतरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी संक्रांतीला नवी बॅटरी बसवली तेव्हा मल्टिमीटरवर १२.७ व्होल्ट दिसत होते. आज सकाळी गाडी सुरू करण्याआधी बघितलं तर १२.५. या दोन आकड्यांमध्ये अथणीचे दोन अख्खे उन्हाळे गेलेत, त्यामुळे मी खूश आहे. याआधीच्या बॅटरीला एवढ्या महिन्यांत म्हातारपण लागलं होतं, आणि ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

आधी तिचं सांगतो. गाडी पेट्रोलची, छोटी, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी लागते. कंपनीतून आलेली पहिली बॅटरी बेळगावात पाच वर्षांच्या वर चालली. टिळकवाडीत घराच्या पोर्चमध्ये सावली, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचं गाव, मे महिन्यातसुद्धा संध्याकाळी वारं सुटतं. मी तिच्याकडे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. दुसरी बसवली आणि तीन महिन्यांत माझी बदली अथणीला झाली. बँकेची नोकरी, तक्रार करून उपयोग नव्हता. एकाच जिल्ह्यात बदली म्हणून घरचे आनंदात होते. पण जिल्हा आमचा केवढा! खानापूरला पावसानं कौलं हिरवी होतात आणि अथणीला एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अथणीची पायताणं करणाऱ्यांना ते ऊन मानवतं, कातडं चांगलं वाळतं. बॅटरीला मानवत नाही.

ती दुसरी बॅटरी अठ्ठाविसाव्या महिन्यात गेली, आणि गेली कुठं? बेळगावात, संक्रांतीच्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत. किल्ली फिरवली की नुसतं टक् टक् टक्, आणि डॅशबोर्डावरचं घड्याळ विझून परत शून्यावर. शेजारचे काका म्हणाले, थंडीनं झालंय, धक्का मारूया. मलाही तसंच वाटलं. उद्यमबागेकडचा आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला, त्यानं वरचं स्टिकर नखानं सोलून झाकणं उघडली आणि आत मोबाइलचा टॉर्च मारला. तीन कप्प्यांत पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या प्लेटांवर राखेसारखा पांढुरका थर. तो म्हणाला, "ही मे महिन्यातच गेल्या, साहेब. तुम्हाला आत्ता कळालंय."

त्या वाक्यानं माझा सगळा समज उलटा केला. नंतर जमेल तेवढं वाचलं, दोन-तीन जाणत्या लोकांना विचारलं, आणि जे कळलं ते असं. बॅटरीतली रासायनिक क्रिया उष्णतेत जोरात चालते. म्हणून उन्हाळ्यात सेल्फ एकदम झोकात लागतो, आणि आपल्याला वाटतं बॅटरी ठणठणीत आहे. पण त्याच जोरानं नको त्या क्रियाही चालतात. धन प्लेटेची शिशाची जाळी गंजत जाते, पाणी उडतं, गाडी नुसती उभी असली तरी आतल्या आत चार्ज उतरतो. ढोबळ हिशेब सांगतात तो असा, की पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. हे तापमान बॅटरीचं बरं का, हवेचं नव्हे. आणि बोनेटच्या आत हवेपेक्षा बरंच जास्त असतं. मग थंडी येते. थंडीत इंजिनाचं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि बॅटरीची ताकद नेमकी तेव्हाच कमी झालेली असते. उन्हाळ्यानं पोखरलेली बॅटरी त्या दिवशी हात टेकते. मार खाल्ला अथणीत, आडवी पडली टिळकवाडीत.

नवी घेताना म्हणून जरा डोळे उघडे ठेवले. पहिल्या दुकानात जी बॅटरी समोर ठेवली तिच्यावरचा तारखेचा शिक्का वाचला तर ती आठ महिन्यांपूर्वीची, आणि शटरजवळच्या फळीवर, दुपारचं ऊन थेट पडेल अशा जागी. "सीलबंद आहे सर, काही होत नाही," म्हणाला. होतं. विकली न गेलेली बॅटरीही आतून उतरत राहते, गरम जागी जास्तच, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. दुसऱ्या दुकानात दोन महिन्यांपूर्वीची मिळाली, जुनी देऊन चार हजार तीनशेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा अनुभव नावापेक्षा वापराचा आहे. झाकणं उघडून पाणी घालता येतं अशीच मागितली, एवढं मात्र सांगतो. दुकानदार मला स्टिकरवरचा थंडीत सेल्फ मारण्याच्या ताकदीचा आकडा कौतुकानं दाखवत होता. तो आकडा उणे अठरा अंशांवर मोजतात. अथणीच्या माणसाला तो दाखवणं म्हणजे गोव्याच्या माणसाला लोकरी कानटोपी विकणं.

अथणीत माझं रोजचं जाणं-येणं खोलीपासून शाखेपर्यंत, दीड किलोमीटर. बॅटरीला याहून वाईट काही नाही. सेल्फला जेवढं दिलं तेवढं परत भरायच्या आत गाडी बंद, वर एसी आणि पंखा फुल्ल. म्हणून आता रोज पायी जातो, सकाळी ऊन नसतं. गाडी निघते ती शनिवारी, रायबाग-चिकोडीवरून बेळगावला, तीन-सव्वातीन तास सलग. अल्टरनेटरला, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला, तेवढा वेळ मिळाला की बॅटरी पोटभर चार्ज होते. सोमवारी पहाटे परत. कुडचीचा कृष्णेवरचा पूल ओलांडताना काच खाली करतो, तेवढाच गारवा.

पार्किंग हा खरा मुद्दा. पहिली दोन वर्षं मी गाडी शाखेसमोर लावायचो, तोंड पश्चिमेला. म्हणजे दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन थेट बोनेटवर. आता खोलीच्या मागं कडुलिंबाखाली लावतो. पाखरं घाण करतात, टपावर चिकट पडतं, पत्नी दर रविवारी बोलते. बोलू दे. मार्च ते जून आणखी एक करतो: लांबून आलो की गाडी बंद करून दहा मिनिटं बोनेट उघडं ठेवतो. इंजिन बंद झालं की वारा थांबतो आणि आतली धग तशीच कोंडून राहते, चालू गाडीपेक्षा जास्त. याचा एकच तोटा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबतो. "काय झालं, बंद पडली?" एकदा तर समोरच्या चहावाल्यानं चार पोरं धक्का मारायला पाठवली. त्यांना नाही म्हणताना मलाच वाईट वाटलं.

पाण्याची नोंद वहीत आहे. पहिल्या वर्षी मार्च ते जून सहा कप्प्यांत मिळून सव्वाशे मिलीच्या आसपास डिस्टिल्ड वॉटर लागलं, पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. या उन्हाळ्यात थोडं जास्त. गंमत म्हणजे इंजिनाच्या बाजूचे दोन कप्पे दर वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त पितात. मधलं अंतर वीतभरसुद्धा नाही, पण धग कुठून येते ते दिसतं. गाड्यांमध्ये बॅटरीला जो कापडी किंवा प्लास्टिकचा डगला घातलेला असतो तो त्यासाठीच. माझा मागच्या वेळी दुकानदारानं काढून बाजूला टाकला होता आणि मी विचारलंही नव्हतं. यावेळी शोधून परत घातला.

बोअरचं पाणी कधीही घालू नका, आमच्याकडच्या बोअरला क्षार किती ते बादली बघून कळतं. एसीतून ठिबकणारं पाणी भरून ठेवणारेही आहेत. ते कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं, मी घालत नाही. वीस-पंचवीस रुपयांची बाटली आणायला कसली काटकसर? अ‍ॅसिड तर मुळीच नाही. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. आणि झाकणं उघडताना जवळपास विडी-सिगारेट नको, आत हायड्रोजन असतो. हे मी आमच्या वॉचमनला तीनदा सांगितलंय.

मल्टिमीटर तीनशे रुपयांचा आहे. या सगळ्या उठाठेवीत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तीच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, थेट टर्मिनलवर मोजायचं. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणच, १२.२ ला अर्धी, आणि १२ च्या खाली ठेवून दिली तर नुकसान ठरलेलं. पण हा आकडा चार्ज सांगतो, तब्येत नव्हे. तब्येत कळते सेल्फ मारताना आकडा कुठवर आपटतो त्यावरून. नवी होती तेव्हा १०.९ पर्यंत जायचा, आता १०.४. साडेनऊच्या आसपास आपटायला लागला की मी नवी बघायला सुरुवात करणार. गाडी चालू असताना १४.२ दाखवते. हेसुद्धा बघून घ्या, कारण चार्जिंगचे व्होल्ट आवरून धरणारा रेग्युलेटर बिघडून आकडा पंधराकडे जात असेल तर उन्हाळ्यात बॅटरी अक्षरशः उकळते, मग सावली शोधून काय उपयोग.

एक धडा मात्र मार खाऊनच शिकलो. गेल्या एप्रिलमध्ये डॅशकॅम, म्हणजे काचेवरचा कॅमेरा, लावला आणि गाडी बंद असतानाही तो जागा ठेवणारा पार्किंग मोड चालू ठेवला. पंधरवड्याची रजा पडली, गाडी अथणीत उभी. परत आलो तर ११.८. शेजारच्या पिकअपवाल्याकडून केबल लावून सुरू केली आणि तशीच जत रोडला तासभर फिरवली. टर्मिनलवर पांढरं फूलही धरलं होतं, गरम पाणी ओतून धुतलं, वर पेट्रोलियम जेली लावली. आता जास्त दिवस जायचं असेल तर ऋण टर्मिनल काढून ठेवतो.

इथल्या इलेक्ट्रिशियनला मी वही दाखवली. तो हसला, म्हणाला, "बिसलु भाळ ऐत्री सर, येरड वर्ष बंद्र भाळ आतु." ऊन फार आहे, दोन वर्षं आली तरी पुष्कळ. मी साडेतीन धरून चाललोय. पाच वर्षं अथणीत मिळतील असं मलाही वाटत नाही, आणि तेवढ्यासाठी बॅटरीला दोष देणं बरं नाही.

राहिली वॉरंटी. मागच्या बॅटरीवर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबानं सूट मिळणार होती. बिल मी गाडीच्याच डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवलं होतं, वॉरंटी कार्डाला पिन मारून. दुकानात काढून दिलं. दुकानदारानं उलटसुलट करून बघितलं, उजेडाकडे धरलं. उष्णतेवर छापलं जाणारं ते बिल अथणीच्या दोन उन्हाळ्यांत पार काळं-करडं झालं होतं, एक अक्षर वाचता येईना. यावेळचं बिल दुकानाच्या पायरीवरच उभं राहून मोबाइलमध्ये टिपलं आणि पत्नीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "हे काय, बॅटरीचं? मला वाटलं तिळगूळ आणलास."