आई-बाबांना कॅनडात बोलवायचंय: साधा व्हिजिटर व्हिसा की सुपर व्हिसा?

थंडी ओसरायला लागली की मला ठरलेला मेसेज येतो, "अगं, आई-बाबांसाठी सुपर व्हिसा टाकू की साधा?" आणि मी उलट एकच विचारते, किती दिवस राहणारेत ते? तुला किती दिवस राहायला हवेत ते नको सांगूस, ते खरंच किती राहतील ते सांग. इथे बहुतेकजण अडखळतात, कारण आपण मनात वर्षभराचा बेत केलेला असतो आणि तिकडे बाबांना सोसायटीची मीटिंग, आईला भिशी आणि दोघांनाही आपापले डॉक्टर सोडवत नसतात.

मी दोन्ही करून बसलेय. पहिल्यांदा आई-बाबा साध्या व्हिसावर आले, दुसऱ्यांदा, धाकट्या लेकीच्या वेळी, सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना एका खेपेला जास्त काळ राहू देणाऱ्या खास व्हिसावर. त्यामुळे जे लिहितेय ते फॉर्म भरून डोळे दुखलेल्या माणसाचं आहे.

आधी हे बघा की तुम्हाला निवड आहे का. सुपर व्हिसा फक्त कॅनडाच्या सिटिझन किंवा पीआर (कायम राहण्याची परवानगी) असलेल्यांच्या (आणि इथल्या नोंदणीकृत आदिवासींच्या) आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना मिळतो. तुम्ही वर्क परमिटवर किंवा स्टुडंट म्हणून असाल तर विषय संपला, साधा व्हिजिटर व्हिसाच टाकायचा. अजून एक, निमंत्रणाचं पत्र पोटच्या मुलाने किंवा मुलीने द्यायचं असतं (किंवा नातवंडाने). म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांना मी कितीही प्रेमाने बोलावलं तरी सुपर व्हिसाचं पत्र नवऱ्याच्याच सहीने जाणार, मी फक्त माझं उत्पन्न जोडायला सही करू शकते. आणि लहान भाऊ-बहीण त्यात घुसवता येत नाही, तो वेगळा अर्ज.

आता मुक्काम. साध्या व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. व्हिसा भले दहा वर्षांचा असो, प्रत्येक वेळी आल्यावर घड्याळ सहा महिन्यांचं. या दोन गोष्टींची गल्लत इतके लोक करतात की विचारू नका, "दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय, आता कितीही राहा" असं सांगणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतातच. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून दहा वर्षांचा मल्टिपल एंट्री (पुन्हा पुन्हा ये-जा करता येणारा) व्हिसा सरसकट देण्याची पद्धतही राहिली नाही, किती मुदतीचा द्यायचा हे ऑफिसर ठरवतो. सुपर व्हिसावर मात्र एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. २०११ च्या डिसेंबरमध्ये हा प्रकार सुरू झाला तेव्हा दोन वर्षं होती, जुलै २०२२ पासून पाच केली, आणि इथूनच अजून दोन वर्षं वाढवून मागता येतात.

पण साध्या व्हिसावरही मुक्काम वाढवता येतो बरं का. मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी ऑनलाइन अर्ज टाकायचा, माणशी १०० कॅनेडियन डॉलर, आणि वेळेत टाकला असेल तर निर्णय येईपर्यंत कायदेशीर राहता येतं. आम्ही पहिल्या वेळी हेच केलं, बाबांना नातवाची शाळा सुरू होताना बघायची होती. काम झालं, पण मधले आठवडे आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन "आलं का गं उत्तर?" विचारायची आणि मला वाटायचं माझाच निकाल लागायचाय.

पासपोर्टचीही तारीख बघा आत्ताच. व्हिसा पासपोर्टच्या पुढे जात नाही, मुक्कामही नाही. बाबांचा पासपोर्ट दोन वर्षांत संपत असेल तर पाच वर्षांचा सुपर व्हिसा मागून काय करणार? आधी पासपोर्ट नवा, मग बाकी सगळं.

पैशांकडे येऊ. सरकारी फी दोन्हीला सारखीच आहे, माणशी १०० डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५, दोघांनी एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिक्सचे मिळून १७०. म्हणजे दोघांचे ३७०. फरक पुढे पडतो. सुपर व्हिसाला मेडिकल तपासणी सक्तीची आहे, ती फॅमिली डॉक्टरकडे चालत नाही, कॅनडा सरकारच्या यादीतल्या पॅनल डॉक्टरकडेच, आणि त्याचे पैसे वेगळे. त्यावर मेडिकल इन्शुरन्स, किमान एक वर्षाचा, किमान १ लाख डॉलर कव्हरचा. नुसतं कोटेशन जोडून चालत नाही, पूर्ण भरलेला किंवा हप्त्यांचा असेल तर पहिली रक्कम भरलेला पुरावा लागतो. आधी फक्त कॅनडातल्याच कंपनीचा चालायचा, २८ जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो पण ती कंपनी इथल्या नियामकाने मान्य केलेली हवी, त्यामुळे "आमच्या ओळखीचा एजंट तिकडूनच स्वस्तात काढून देतो" यावर विसंबू नका. साठी-पासष्टी ओलांडलेल्या दोघांचा वर्षाचा हप्ता हजारांत जातो, डॉलरमध्ये. व्हिसा नाकारला तर हे पैसे सहसा परत मिळतात, आणि लवकर परत गेले आणि क्लेम केला नसेल तर बऱ्याच पॉलिसीत उरलेल्या दिवसांचेही मिळतात, पण ते पॉलिसी घेतानाच विचारून ठेवायचं.

इन्शुरन्सवर जरा जास्त बोलते कारण इथे आमचा पाय घसरलेला आहे. बाबांना बीपी आहे, वर्षानुवर्षं एकच गोळी. पॉलिसी घेतली ती आधीपासूनचे आजार कव्हर करणारी, मुद्दाम महागडी. निघायच्या तीन आठवडे आधी बाबा रूटीन चेकअपला गेले, डॉक्टर म्हणाले वा, बीपी छान आहे, गोळी अर्धी करा. बाबांनी आनंदाने फोन करून सांगितलं, मीही खूश. मग सहज पॉलिसीचे कागद परत वाचले तर त्यात 'स्टेबल' या शब्दाची व्याख्या होती, की पॉलिसी सुरू व्हायच्या आधीचे ठराविक दिवस (आमच्यात ९०, काही पॉलिसीत १२० किंवा १८०) औषधात कुठलाही बदल नको. वाढ नको तशी घटही नको! म्हणजे बाबांची तब्येत सुधारली म्हणून बीपीचं कव्हर गेलं. कंपनीला फोन केला तर तिकडच्या बाईंनी हेच शांतपणे दुसऱ्यांदा वाचून दाखवलं. शेवटी तिकिटं पुढे ढकलली, आईचं लोणचं तयार होतं ते तसंच बरणीत राहिलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि औषधं काय बदलायची ती तेव्हाच बदला.

साध्या व्हिसाला इन्शुरन्स सक्तीचा नाही. म्हणून न काढणारे लोक मला माहीत आहेत आणि मला त्यांची भीती वाटते. इथल्या प्रांताचं हेल्थ कार्ड व्हिजिटरला मिळत नाही, हॉस्पिटलमधली एक रात्र हजारो डॉलरची असते. त्यामुळे तुलना करताना साध्या व्हिसाच्या खात्यातही इन्शुरन्स धराच, फक्त तो जेवढे महिने राहणार तेवढाच काढता येतो, वर्षाचा सक्तीचा नाही. खरी बचत ती आहे.

आता कागदपत्रं, आणि माझ्या मते खरा फरक इथे आहे. साध्या व्हिसात सगळा भार आई-बाबांवर असतो, म्हणजे ते परत जातील हे त्यांच्या कागदांवरून दिसलं पाहिजे. पेन्शन, एफडी, इन्कम टॅक्स रिटर्न, घराचे कागद, शेती असेल तर सातबारा. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं ॲफिडेव्हिट लागतं, आणि ते भाषांतर घरातल्या कोणी केलेलं चालत नाही, मुलगी एमए मराठी असली तरी. सुपर व्हिसात ही बाजू असतेच, ते परत जातील हे तिथेही पटवायचं असतं, पण जोडीला तुमच्या उत्पन्नाची परीक्षा असते. कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार किमान उत्पन्नाचा तक्ता असतो आणि तो दर वर्षी बदलतो. गंमत अशी की माणसं मोजताना लोक घरातली तीन मोजतात, मी, नवरा, मुलगा. तसं नाही, येणारे आई-बाबाही धरायचे, म्हणजे पाच, आणि आधी कोणाला स्पॉन्सर करून जबाबदारी अजून संपली नसेल तर तेही. २०२५ च्या तक्त्यात पाच माणसांना ६४ हजार डॉलरच्या वर उत्पन्न लागत होतं. एकट्याचं पुरत नसेल तर नवरा-बायकोचं मिळून दाखवता येतं.

नात्याचा पुरावा म्हणून तुमचा जन्मदाखला लागतो आणि आपल्याकडे तिथेच घोळ असतो. माझ्या दाखल्यावर आईचं नाव सासरी ठेवलेलं, तांदळात अंगठीने लिहिलेलं ते, आणि पासपोर्टवर माहेरचं, कारण शाळेचा दाखला त्याच नावाचा होता. ऑफिसरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. लग्नाचं सर्टिफिकेट आणि एकच व्यक्ती असल्याचं ॲफिडेव्हिट जोडलं तेव्हा जीवात जीव आला. साध्या व्हिसाला नात्यावर इतका काथ्याकूट होत नाही, पण पत्रात "माझी आई" लिहिलंय म्हटल्यावर जोडलेलं बरं.

फॉर्म कोणी भरायचा यावरूनही लोक दोन्हीत फरक करतात, की साधा आपण भरू, सुपरला एजंट लावू. मला हे पटत नाही. दोन्ही ऑनलाइन आहेत, आणि मुलगा-मुलगी पैसे न घेणारा प्रतिनिधी म्हणून आयएमएम ५४७६ हा फॉर्म जोडून आई-बाबांचा अर्ज स्वतःच्या लॅपटॉपवरून भरू शकतात. पैसे घेऊन करणारा माणूस मात्र लायसन्स असलेला इमिग्रेशन कन्सल्टंट किंवा वकील हवा (क्यूबेकमध्ये नोटरीही), बिनलायसन्सचा कोणी नाही. एका मैत्रिणीच्या वडिलांना पूर्वी दुसऱ्या एका देशाचा व्हिसा नाकारला होता. फॉर्ममध्ये प्रश्न असतो, कुठल्याही देशाने कधी नाकारलंय का? एजंटने 'नाही' लिहून टाकलं, "कोण बघतंय" म्हणाला. तिने नशिबाने सबमिट करायच्या आधी वाचलं. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं बंदी येते, आणि ती एजंटवर नाही, बाबांवर. 'हो' लिहून दोन ओळीत कारण दिलं, काही बिघडलं नाही.

बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की ३० दिवसांत जाऊन यायचं, मुंबई आणि पुण्यात सेंटर आहेत, ठसे दहा वर्षं चालतात. त्यात दोन्ही व्हिसांत काहीच फरक नाही.

मग मी कोणाला काय सांगते? पहिलीच खेप आणि चार-पाच महिने, तर साधा. डोळे मिटून साधा. कारण आई-बाबांना इथे करमतं का हे अजून कोणालाच माहीत नाही, आपण ऑफिसला गेल्यावर दुपारी घरात दोघंच, बाहेर बर्फ, बसचा नंबर माहीत नाही, हे सगळ्यांना झेपत नाही, आणि त्यासाठी वर्षभराचा इन्शुरन्स आधीच भरून ठेवणं म्हणजे बाजारात तुरी. शिवाय आज साधा घेतला म्हणून पुढे सुपर मिळत नाही असं काही नाही, फक्त सुपर व्हिसाचा अर्ज कॅनडाच्या बाहेरून करावा लागतो, ते इथे आलेले असताना बदलून मिळत नाही.

बाळ होणार असेल आणि आजी वर्षभर तरी राहणारच असं घरात नक्की बोलणं झालं असेल, तर सुपर. एकटी आई असेल, वडील गेलेत, तिच्या नावावर फारसं काही नाही, घर भावाच्या नावावर, तरीही मी सुपरकडे झुकते, कारण साध्या अर्जात तिचे कागद रोडके दिसतात आणि सुपरमध्ये निदान तुमचं उत्पन्न आणि पत्रातलं तुमचं खर्चाचं लेखी वचन तिच्या मागे उभं असतं. गॅरंटी नाही, पण केस नीट मांडता येते. आणि दर वर्षी उन्हाळ्यात यायचं, थंडीत परत जायचं, असं करणाऱ्यांना सुपरचा काही उपयोग नाही, उलट प्रत्येक खेपेला वैध इन्शुरन्स हाताशी ठेवायची कटकट.

सुपर व्हिसा घेतलाच तर विमानतळावरचं एक सांगते. शिक्क्यावर कधीपर्यंत राहता येईल ती तारीख लिहिलेली नसेल, किंवा शिक्काच मारला नसेल, तर साधारण सहा महिनेच धरले जातात. म्हणून "सुपर व्हिसा आहे" हे शब्द तोंडाने बोलायचे आणि इन्शुरन्सचा कागद हातातल्या पिशवीत ठेवायचा, सुटकेसमध्ये नाही. मी बाबांकडून फोनवर तीनदा घोकून घेतलं होतं. ऑफिसरने विचारलं किती दिवस राहणार, बाबा म्हणाले, "डिपेंड्स ऑन माय डॉटर." ऑफिसर हसला म्हणे. आईने मागून कागद पुढे केला आणि बोटाने शिक्क्याची जागा दाखवत "डेट, प्लीज" म्हणाली. त्याने लिहून दिली.